ऑपरेशन रात्रभर लांबणीवर पडलं, समिती म्हणते ‘मृत्यूशी थेट संबंध सांगता येत नाही’. आता पुढे काय?

कृष्णाकाठची

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातली, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वडिलांबद्दल विचारायचं आहे. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कृपया कुणी अंदाजही बांधू नका.

वडील ६८ वर्षांचे. बारा वर्षांपासून शुगर, गोळ्यांवर ताब्यात. गुडघे दुखायचे म्हणून मेडिकलमधून दुखीच्या गोळ्या आणून घ्यायचे, रोज नाही पण बऱ्याचदा. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास पोटात एकदम कळ आली, इतकी की अंगणातच बसले. आधी गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. बरं वाटेना म्हणून तालुक्याच्या खासगी हॉस्पिटलात नेलं. साडेआठला अ‍ॅडमिट. तेव्हा बीपी १२४/८०, नाडी १०४, असं केसपेपरवर आहे. रात्रीचे ड्यूटी डॉक्टर (आरएमओ) बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीचे होते. त्यांनी सर्जनना फोन केला, मग सलाइन, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन, दुखीचं इंजेक्शन. ‘गॅस धरलाय, सकाळी एक्स-रे काढू.’

साडेअकराला सिस्टरनी लिहिलंय: पोट कडक, रुग्ण अस्वस्थ, आरएमओना कळवले. दोन वाजता नाडी १२६. पाचला बीपी ८८/६०. सर्जन नऊला आले, एक्स-रे काढला आणि दहा मिनिटांत सांगितलं की आतड्याला भोक पडलंय, लगेच उघडावं लागेल. अकराला ऑपरेशन सुरू झालं. वडील तिसऱ्या दिवशी आयसीयूत वारले. बिल २ लाख ८० हजार झालं, ते आम्ही भरलं.

सर्जन भावाला म्हणाले, ‘रात्री उघडलं असतं तरी हेच झालं असतं.’ आम्ही पोलिसांत तक्रार दिली. सिव्हिल हॉस्पिटलच्या समितीचा अभिप्राय आला तो असा: ‘उपचारास काही अंशी विलंब झाल्याचे दिसून येते. तथापि रुग्णाचे वय, मधुमेह व आजाराची गंभीरता पाहता सदर विलंब व मृत्यू यांचा थेट संबंध निश्चितपणे सांगता येत नाही.’ पोलीस म्हणतात आता गुन्हा दाखल होणार नाही.

म्हणजे उशीर झाला हे सरकारी डॉक्टरच लिहून देतात, आणि तरीही कुणाची जबाबदारी नाही? वडिलांना जाऊन सव्वा वर्ष झालं. भाऊ म्हणतो सोडून दे. मला सोडवत नाही, पण जे सिद्ध होणारच नाही त्यामागे धावायचीही इच्छा नाही. जाणकारांनी स्पष्ट सांगावं.

मुक्काम_पोस्ट

ताई, सोडून द्या. डॉक्टर डॉक्टरच्या विरोधात लिहून देत नाही. समिती म्हणजे त्यांचीच भावकी.

जुना_वकील

मुक्काम_पोस्ट, तुमचा राग समजतो, पण सल्ला चुकीचा आहे. ताईंना भावकीतल्याच लोकांनी ‘विलंब झाल्याचे दिसून येते’ एवढं लिहून दिलंय. माझ्या अनेक पक्षकारांना तेवढंही मिळालं नव्हतं.

ताई, मी औरंगाबादला बरीच वर्षं ग्राहक मंचात आणि दिवाणी कोर्टात वकिली केली, रुग्णांकडूनही आणि डॉक्टरांकडूनही. आता निवृत्त आहे, तेव्हा फी मागायला मोकळा नाही. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

समितीच्या त्या वाक्यात ‘थेट’ आणि ‘निश्चितपणे’ हे दोन शब्द बघा. दोन्ही फौजदारी मापाचे आहेत. पोलिसांनी विचारलं म्हणून समितीने त्या मापाने उत्तर दिलं, त्यात तिचं फार चुकलं असंही नाही. फौजदारीत हे माप किती कडक असतं त्याचा आपला मुंबईचाच दाखला आहे. १९६२ साली एका रंगाच्या कारखान्यात आग लागून सात कामगार जळून मेले. मालक-व्यवस्थापकाने परवान्याच्या अटी मोडून आत बर्नर चालवले होते. पण त्या दिवशी दुसऱ्याच माणसाने राळ आणि डांबराचं गरम मिश्रण थंड होण्याआधी घाईने टर्पेंटाइन ओतलं आणि भडका उडाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये व्यवस्थापकाला मृत्यूच्या कलमातून सोडलं. बर्नर नसते तर आग लागली नसती हे खरं, पण मृत्यूचं जवळचं, प्रत्यक्ष कारण घाईने ओतणं हे होतं, असा त्याचा मथितार्थ. आगीशी निष्काळजीपणे खेळल्याची शिक्षा मात्र राहिली. डॉक्टरांच्या बाबतीत २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने त्यावर आणखी एक पायरी चढवली: फौजदारीसाठी हयगय साधी चालत नाही, ठळक, घोर असावी लागते. आता कलम बदललं, भारतीय न्याय संहितेचं १०६ आलं, पण पायरी तीच.

तुम्हाला डॉक्टरना तुरुंगात घालायचं आहे का? तसं असेल तर मुक्काम_पोस्ट यांचं ऐका. जबाबदारी निश्चित करून हवी असेल तर तुमची जागा ग्राहक आयोग, म्हणजे पूर्वीचा ग्राहक मंच. तिथे ‘निश्चितपणे’ लागत नाही. कोणती गोष्ट जास्त संभवते एवढंच लागतं. पारडं थोडं जरी तुमच्याकडे झुकलं तरी पुरे.

पण पारडं झुकवावं लागतं, हेही तितकंच खरं. लोक इथेच अडखळतात. डॉक्टरची चूक दाखवली की काम झालं असं त्यांना वाटतं. तसं नाही. चूक हा एक प्रश्न, आणि त्या चुकीने नुकसान झालं का हा वेगळा. दोन्हींची उत्तरं वेगळ्या पुराव्याने द्यावी लागतात. लंडनची एक केस आम्ही कॉलेजात शिकलो, ती अजून विसरलेलो नाही. १ जानेवारी १९६६, तिघे रखवालदार पहाटे चहा पिऊन सकाळी उलट्या करत कॅज्युअल्टीत आले. ड्यूटीवरच्या डॉक्टरने उठून बघितलंही नाही, घरी जा आणि आपल्या डॉक्टरना बोलवा असा नर्सकरवी निरोप दिला. त्यातला एक त्याच दिवशी गेला. चहात आर्सेनिक होतं. कोर्ट म्हणालं, डॉक्टरने बघायला हवं होतं, कर्तव्य मोडलं. तरी बायको दावा हरली. कारण बघितलं असतं, भरती केलं असतं, तपासण्या केल्या असत्या, तरी उतारा वेळेत पोचला नसता आणि माणूस गेलाच असता. बार्नेट नावाने हा निकाल ओळखला जातो. तुमचे सर्जन ‘रात्री उघडलं असतं तरी हेच झालं असतं’ म्हणतात ना, तो हाच बचाव. त्यांना बार्नेट ठाऊक नसेल, त्यांच्या वकिलाला नक्की ठाऊक असेल.

आता आपल्या मातीतली केस. ६ मे १९५३, रत्नागिरी जिल्ह्यातलं पालशेत. समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. वडील स्वतः डॉक्टर. फळ्या बांधून मुलाला टॅक्सीने दोनशे मैलांवर पुण्याला आणलं, ९ तारखेला नामांकित सर्जनच्या हॉस्पिटलात ठेवलं. तिथे भूल न देता, माणसांकरवी जोर लावून हाड ओढून बसवलं आणि प्लास्टर केलं. मॉर्फिनची दोन इंजेक्शनं सांगितली होती, दिलं एकच. मुलगा त्याच रात्री गेला. सर्जननी दाखला दिला: फॅट एम्बोलिझम. म्हणजे हाडातली चरबी रक्तात जाऊन अडकली, त्यात डॉक्टर काय करणार?

ताई, हा बचावही ‘हेच झालं असतं’ याच घराण्यातला. खटला चूक झाली की नाही यावर जेवढा लढला गेला, तेवढाच मृत्यू कशाने झाला यावर. खालचं कोर्ट, उच्च न्यायालय आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालय, तिन्हींनी फॅट एम्बोलिझम नाकारलं. मृत्यू भुलीशिवाय हाड ओढल्याच्या शॉकने झाला, आणि दाखल्यातलं कारण खरं कारण झाकण्यासाठी आलं, असं ठरलं. कशावरून ठरलं? मुलगा आला तेव्हा कसा होता, किती वाजता काय केलं, त्यानंतर किती वाजता कसा झाला, या क्रमावरून. भरपाई ३,००० रुपये. आज हसू येईल, पण लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले हा निकाल वाचल्याशिवाय या देशात कुणी वैद्यकीय हयगयीचा युक्तिवाद करत नाही.

आमच्या गावच्या सरकारी स्त्री-रुग्णालयातली १९६३ ची केस मात्र सोपी होती. नसबंदीच्या ऑपरेशनमध्ये पोटात मॉप, म्हणजे रक्त टिपायचं कापड, राहिला, सहा दिवसांनी पुन्हा उघडलं तेव्हा पू झालेला, बाई गेली. तिथे संबंध शोधायला जावं लागत नाही, वस्तूच बोलते. तरी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १९९६ उजाडलं. तुमच्या केसमध्ये तसा मॉप नाही. तुमच्याकडे फक्त घड्याळ आहे. म्हणून ते नीट वाचायला हवं, आणि ते काम वकिलाचं नाही. इथे एखादे सर्जन असतील तर त्यांनी लिहावं.

धुळे_सर्जन

वकीलसाहेबांनी हाक मारली म्हणून लिहितो. मी जनरल सर्जन, तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो, म्हणजे ताईंच्या वडिलांचे सर्जन ज्या खुर्चीत होते त्याच खुर्चीत बसतो. केसपेपर समोर नसताना मी कुणाला दोषी ठरवणार नाही.

आधी माझ्या व्यवसायबंधूंच्या बाजूने. दुखीच्या गोळ्यांनी जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला भोक पडणं आम्ही नेहमी बघतो. सुरुवातीच्या काही तासांनी कळ थोडी ओसरल्यासारखी होते, त्यात बाहेर दुखीचं इंजेक्शन झालेलं असलं की पोट तपासणारा फसू शकतो. उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली हवा, म्हणजे भोक पडल्याची खूण, प्रत्येक वेळी दिसतेच असं नाही. आणि ताई, साडेआठला दाखल म्हणजे पावणेनऊला ऑपरेशन असं कुठेच होत नसतं. सलाइन द्यायचं, नाकातून पोटात नळी घालायची, अँटिबायोटिक सुरू करायचं, शुगर बघायची, भूलतज्ज्ञ शेजारच्या गावाहून बोलवायचा. माझ्याकडे सगळं सुरळीत असलं तरी मध्यरात्र होते. तेव्हा ‘चौदा तासांचा उशीर’ असं लिहू नका, समोरचा वकील तिथेच पकडेल. तुलना साडेआठशी नाही. सावध सर्जनने वास्तवात ज्या वेळी पोट उघडलं असतं त्या वेळेशी करायची. माझ्या मते बारा ते एक. म्हणजे खरा उशीर दहा-अकरा तासांचा.

आता दुसरी बाजू. ‘हेच झालं असतं’ हे वाक्य इतक्या सहज म्हणायचं नसतं. भोक पडलेल्या अल्सरचा रुग्ण किती धोक्यात आहे हे ठरवायला आमच्याकडे बोई स्कोअर म्हणून जुनी, साधी पद्धत आहे. तीन गोष्टी बघतात: ऑपरेशनआधी शॉक आहे का, म्हणजे वरचं बीपी शंभरच्या खाली, दुसरा मोठा आजार आहे का, भोक पडून चोवीस तास उलटले का. प्रत्येकाला एक गुण. गुण वाढला की मृत्यूचं प्रमाण झपाट्याने चढतं. वडील साडेआठला आले तेव्हा शुगरचा एक गुण, बस. बीपी १२४, कळ सुरू होऊन साडेचार तास. सकाळी अकराला टेबलावर घेतले तेव्हा चोवीस तास झालेच नव्हते, पण शॉकचा दुसरा गुण लागलेला होता. तो रात्री, हॉस्पिटलच्या कॉटवर लागला.

शिवाय डेन्मार्कमध्ये अडीच हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. दाखल झाल्यापासून ऑपरेशनपर्यंतच्या प्रत्येक जादा तासामागे वाचण्याची शक्यता २.४ टक्क्यांनी घटते, असा त्याचा निष्कर्ष. हा समूहाचा आकडा आहे, तुमच्या वडिलांचं भविष्य त्यात लिहिलेलं नाही. पण ‘रात्र गेली तरी फरक पडत नाही’ असं म्हणणाऱ्याला या आकड्याला उत्तर द्यावं लागेल.

समितीने वय, मधुमेह वगैरे लिहिलंय. ते सगळं साडेआठलाही होतं. रात्रीत बदललं ते बीपी आणि नाडी. अभिप्राय लिहिताना मी तरी तिथून सुरुवात केली असती.

मृत्यूच्या दाखल्यावर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढंच असेल तर त्याला महत्त्व देऊ नका. हृदय आणि श्वास थांबूनच प्रत्येक जण जातो, ते कारण नाही. त्याखाली सेप्टिसीमिया (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग), पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या अस्तराचा दाह) लिहिलंय का बघा.

मिरजेची_सिस्टर

कृष्णाकाठची ताई, मी स्टाफ नर्स आहे. तुम्ही लिहिलेल्या वेळांवरून तुमच्याकडे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट आणि नर्सिंग नोट्स आहेत असं दिसतंय. पण अजून दोन कागद मागा, ते लोक सहसा मागत नाहीत. एक, इन्टेक-आउटपुट चार्ट. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला होता का, दर तासाला लघवी किती झाली हे त्यात असतं. बीपी पडायच्या आधी लघवी कमी होते. दुसरा, कॉल बुक किंवा नाइट रिपोर्ट. आरएमओना किती वाजता सांगितलं, त्यांनी सरांना किती वाजता फोन केला, सर काय म्हणाले, हे चांगल्या वॉर्डमध्ये लिहिलेलं असतं. ‘आरएमओना कळवले’ लिहिणारी सिस्टर बिचारी बहुधा तेवढंच करू शकत होती. तिला केसमध्ये पार्टी करू नका हो.

आणि चार्टवर खाडाखोड, एकाच शाईत एकाच हाताने रात्रभराच्या नोंदी असं काही दिसतंय का तेही बघा.

जुना_वकील

सिस्टर, शंभर टक्के. आणि डॉक्टरसाहेब, तुम्ही जे लिहिलंत ते प्रतिज्ञापत्रावर लिहून देणारा सर्जन ताईंना मिळाला की अर्धी केस झाली.

ताई, त्यांच्या बचावाचा पुढचा डाव सांगून ठेवतो. ते म्हणतील, ‘समजा मी रात्री आलो असतो, तरी वाट बघायचाच निर्णय घेतला असता. मग माझ्या न येण्याने काय बिघडलं?’ हेही तपासून झालेलं आहे. बोलिथो म्हणून इंग्लंडची केस, १९९७ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये निकाल लागला. दोन वर्षांचा मुलगा, श्वासाचा त्रास, नर्सने बोलावूनही डॉक्टर आल्या नाहीत. न येणं चूक, हे मान्यच होतं. पण डॉक्टर म्हणाल्या, आले असते तरी श्वासाची नळी घातली नसती. लॉर्ड्सनी दोन टप्पे ठेवले. आलेल्या डॉक्टरने खरोखर काय केलं असतं? आणि जे केलं नसतं ते न करणं कुठल्याही समंजस डॉक्टरला शोभलं असतं का? तिथे मुलाची बाजू हरली, कारण नळी न घालण्यालाही तज्ज्ञांचा आधार मिळाला. पण त्याच निकालात असंही आलं की तज्ज्ञाचं मत तर्काला टिकणारं हवं, नुसती पदवी पुरत नाही. आता तुमच्या चार्टला लावून बघा. पोट कडक, नाडी १२६, आणि सर्जन खाटेशी उभा आहे. तो एक्स-रेदेखील न काढता सकाळपर्यंत थांबेल? सकाळी तर एक्स-रेनंतर त्यांनी दहा मिनिटांत निर्णय घेतला. त्यांच्याच सकाळच्या वागण्याने रात्रीचं उत्तर दिलंय.

टक्केवारीबद्दल सावध करतो. हॉटसन नावाची केस आहे, १९८७. तेरा वर्षांचा मुलगा झाडावरून पडला, खुब्याची दुखापत हॉस्पिटलच्या लक्षात पाच दिवस आली नाही. न्यायाधीश म्हणाले, वेळेवर कळलं असतं तरी ७५ टक्के शक्यता होती की खुबा खराब झालाच असता. म्हणून २५ टक्के भरपाई दिली. वरच्या कोर्टाने तीही काढून घेतली: पन्नासच्या खाली असाल तर शून्य. आपल्याकडे आयोग इतके हिशेबी नसतात. व्ही. कृष्णकुमार केसमध्ये चेन्नईच्या सरकारी हॉस्पिटलात अपुऱ्या दिवसांची, सव्वा किलोची मुलगी जन्मली. डोळ्यांची तपासणी ज्या आठवड्यांत करायची त्या आठवड्यांत कुणी सांगितलंच नाही, ती कायमची आंधळी झाली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १ कोटी ८० लाख देवविले. वेळेची खिडकी उघडी असताना हात लावला नाही, हीच तिथली चूक आणि हेच नुकसानाचं कारण. तरीसुद्धा तज्ज्ञाकडून ‘वाचण्याची काही संधी होती’ असं मिळमिळीत लिहून घेऊ नका. ‘रात्री बारा-एकला शस्त्रक्रिया झाली असती तर वाचण्याची शक्यता न वाचण्यापेक्षा जास्त होती’, असं त्यांना मनापासून वाटत असेल तर तसं लिहून घ्या. वाटत नसेल तर दुसरा तज्ज्ञ शोधत फिरण्यापेक्षा थांबा. माझ्याकडच्या काही पक्षकारांना मी याच टप्प्यावर परत पाठवलंय, आणि त्यांनी मला शिव्याही दिल्यात.

दुखीच्या गोळ्यांवरून ते वडिलांच्या माथी खापर फोडतील. भोक गोळ्यांनी पडलं असेल, आपली तक्रार भोकाबद्दल नाहीच. मधुमेहाचंही तेच. डॉक्टरकडे रुग्ण जसा येतो तसा घ्यावा लागतो, नाजूक असेल तर जास्त सांभाळायचं.

आरएमओ बीएचएमएस होते हा मुद्दा तुम्हाला मोठा वाटत असेल. मुंबईच्या एका होमिओपॅथने अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली आणि रुग्ण गेला, त्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यालाच हयगय म्हटलं, हे खरं. पण संपूर्ण तक्रार पदवीवर उभी करू नका. समोरचे म्हणतील, आरएमओने स्वतः काही ठरवलंच नाही, सर्जनच्या फोनवरच्या सूचना पाळल्या. मग तो फोन हाच तुमचा मुद्दा होतो: फोनवर काय सांगितलं गेलं, आणि साडेअकरानंतर पुन्हा फोन झाला का?

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खरंच आभार. सिस्टर, तुम्ही सांगितल्यावर फाइल पुन्हा काढली. इन्टेक-आउटपुट चार्ट आहे. कॅथेटर रात्री साडेदहाला घातला. अकरा ते पाच या वेळेत मिळून लघवी ६० मिली लिहिली आहे. हे कमी आहे का? साडेअकराच्या नोंदीनंतर पाचपर्यंत डॉक्टरांची एकही नोंद नाही, फक्त सिस्टरच्या आहेत. कॉल बुकची प्रत आमच्याकडे नाही. दाखल्यावर खाली सेप्टिसीमिया लिहिलंय.

वकीलकाका, समितीला पुन्हा विचारता येतं का? आणि सव्वा वर्ष झालं, उशीर तर नाही झाला?

धुळे_सर्जन

सहा तासांत ६० मिली म्हणजे फारच कमी. साधारण वजनाच्या माणसाची तासाला साधारण तीस मिली तरी हवी. मूत्रपिंडं रात्रीच कमी पडायला लागली होती. पाचला बीपी पडलं ते अचानक नाही, अकरापासून उतरण सुरू होती आणि कागदावर दिसत होती. सकाळी त्या चार्टवर नजर टाकलेला कुठलाही सर्जन हे नाकारणार नाही.

मी जिल्ह्याबाहेरचा आहे, तुमच्या केसमध्ये साक्ष द्यायला येईन असा शब्द आत्ता देत नाही. पण सगळी फाइल स्कॅन करून व्यक्तिगत निरोपात पाठवा. वाचून, माझं मत तुमच्या विरोधात गेलं तरी, जसं असेल तसं सांगेन.

जुना_वकील

डॉक्टरसाहेब, यापेक्षा जास्त कुणी मागूही नये.

ताई, मुदत दोन वर्षांची आहे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. तुमच्याकडे नऊ-एक महिने आहेत, पण शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. जिल्हा आयोगातच जायचं. आता हद्द भरलेल्या बिलावरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नाही. २ लाख ८० हजार म्हणजे जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंतच्या बिलाला दाखल करायची फी नाही. ऑनलाइन दाखल करता येतं.

कॉल बुक, नाइट रिपोर्ट आणि पूर्ण फाइलची प्रमाणित प्रत मागणारा लेखी अर्ज उद्याच द्या, पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी झाल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात, आणि रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे असतात. कॉल बुक आमच्याकडे नाहीच म्हणाले तर तेही लेखी घ्या. कागद असायला हवा आणि नाही, यावरून आयोग स्वतःचं अनुमान काढतो.

समितीला पुन्हा विचारता येतं, पण पोलिसांमार्फत नको. आयोगासमोर तक्रार चालू झाली की अभिप्राय देणाऱ्या डॉक्टरना लेखी प्रश्नावली द्यायची परवानगी मागा. प्रश्न आजच लिहून ठेवा. साडेआठला रुग्ण शॉकमध्ये होता का? अकरा ते पाच या वेळेतली लघवी आणि नाडी काय सांगते? पोट कडक झाल्याची नोंद साडेअकराला असताना एक्स-रे सकाळी नऊनंतर काढायचं वैद्यकीय कारण कागदावर कुठे आहे? मध्यरात्रीच्या सुमारास ऑपरेशन झालं असतं तर वाचण्याची शक्यता न वाचण्यापेक्षा जास्त होती की कमी? ‘थेट’ आणि ‘निश्चितपणे’ हे शब्द प्रश्नात कुठेही येऊ देऊ नका. सगळ्याच केसेसना तज्ज्ञ लागत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये किशन राव प्रकरणात सांगितलंय खरं, पण त्या भरवशावर राहू नका. तुमच्यासारख्या केसमध्ये तज्ज्ञाशिवाय उभं राहणं म्हणजे अर्ध्यावर उभं राहणं.

मेडिकल कौन्सिलकडे वेगळी तक्रार करायची तर करा, पण ते भरपाई देत नाहीत. नोंदणीवर कारवाई एवढाच त्यांचा अधिकार.

कृष्णाकाठची

अर्ज आज रात्रीच लिहिते, उद्या शाळा सुटल्यावर भावाला घेऊन देऊन येते. तो यायला तयार झालाय, लघवीचा आकडा त्याला दाखवला. एक शेवटचं: तक्रारीत कुणाकुणाची नावं घालायची? नातेवाईक म्हणतात आरएमओ, भूलतज्ज्ञ, सिस्टर, सगळ्यांना ओढा.

जुना_वकील

हॉस्पिटल आणि सर्जन, एवढंच. आरएमओ हॉस्पिटलचा नोकर आहे, त्याच्या चुकीची भरपाई हॉस्पिटलला द्यावीच लागते. तरी आयोगाला वाटलं तर त्याला नंतर जोडता येतं. भूलतज्ज्ञ सकाळी आले आणि आपलं काम करून गेले, रात्रीशी त्यांचा संबंध नाही. त्यांना ओढलंत तर उगाच आणखी एक वकील तुमच्या विरोधात उभा राहील. आणि सिस्टरचं नाव अजिबात घालू नका, तिची साडेअकराची नोंद हाच तुमचा सगळ्यात भक्कम कागद आहे. उद्या तिला साक्षीला बोलवावं लागेल.